अस्सल, नक्कल आणि अदृष्टाचा त्याग

जे डोळ्यांना दिसत नाही ते टाकून दिल्याने सत्याची हानी होते काय, हा प्रश्न वरवर पाहता नैयायिकांच्या प्रमाणचर्चेत शोभावा असा. परंतु जुन्या पोथीचे पान इलेक्ट्रॉनिक प्रकाशनासाठी सिद्ध करताना चित्राच्या फाइलीचा प्रकार ठरविणारा मनुष्य त्याचे उत्तर, नकळत का होईना, देऊन मोकळा होत असतो.

१९९२ साली प्रमाणित झालेल्या जेपेग या चित्रसंक्षेपपद्धतीचे सारे सामर्थ्य मानवी दृष्टीच्या उणिवेवर उभे आहे. आपली दृष्टी उजेडातील भेद जितक्या सूक्ष्मतेने टिपते तितक्या सूक्ष्मतेने रंगातील भेद टिपत नाही, आणि अतिशय बारीक चढउतारांविषयीही ती बरीचशी उदासीन असते. हे जाणून ही पद्धती चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे चौकोन पाडते, भारतात जन्मलेल्या नासिर अहमद यांनी सहकाऱ्यांसह १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या गणिताने प्रत्येक चौकोनाची स्थूल व सूक्ष्म तरंगांत फोड करते, आणि सूक्ष्म तरंगांपैकी बहुतेकांना शून्यवत् लेखून निकालात काढते. चेहऱ्याच्या वा निसर्गदृश्याच्या छायाचित्रात हा त्याग खपतो, आणि तेथे मी त्यास दोष देत नाही.

अक्षराची गोष्ट निराळी. शाईच्या तीक्ष्ण कडेवरूनच अक्षर ओळखू येते आणि त्या कडेतच सूक्ष्म तरंग एकवटलेले असतात. ते छाटले की अक्षराभोवती धूसर ठिपके उमटतात, आणि ज्या भाषेत ‘मुलास’ व ‘मुलांस’ यांत केवळ एका टिंबाचे अंतर, तेथे हा अनुस्वार की गणिताचा गाळ, असा संशय संशोधकाच्या माथी येतो. जर्मन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी २०१३ साली उघडकीस आणलेला, निराळ्याच संक्षेपपद्धतीचा प्रकार तर याहून भयंकर होता: झेरॉक्सची काही स्कॅनयंत्रे सारख्या दिसणाऱ्या चिन्हांना एकच समजून एकाच्या जागी दुसरे बसवीत, आणि दस्तऐवजातील ६ चा स्वच्छ, ठसठशीत व सर्वस्वी खोटा ८ होई. अंधुक अक्षर निदान वाचकास सावध तरी करते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या पंडितांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना असंख्य पाठ मूळ संहितेतून वगळले. पण वगळलेले ते तळटीपांत व परिशिष्टांत नोंदवून ठेवले, जेणेकरून पुढच्या अभ्यासकास त्यांचा निवाडा फिरविता यावा. जेपेगच्या त्यागास अशी तळटीप नाही, आणि दुरुस्ती करून तीच फाइल पुन्हा जतन केली की त्यागावर त्याग चढतो. आजच्या डोळ्याला जे अदृश्य, ते उद्याच्या उपकरणाला, खोडलेल्या ओळीखालची फिकट शाई शोधताना, अत्यावश्यक ठरू शकते. तो उद्याचा डोळा अद्याप जन्मास यावयाचा असता त्याच्या वतीने मुखत्यारी करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

मंद जोडणीवर वाचणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला जड फाइल देणे हाही अन्यायच, आणि म्हणून त्याच्या हाती हलकी जेपेग नक्कल अवश्य द्यावी. परंतु ती जिच्यावरून उतरविली ती अस्सल प्रत, संक्षेप करूनही एकही बिंदू न गमावणाऱ्या पीएनजीत किंवा हानीविना जतन केलेल्या टिफमध्ये दप्तरी ठेवावी, आणि कोणती नक्कल कोणत्या प्रतीवरून, केव्हा व किती संक्षेपाने केली याचा दाखला तिच्यासोबत लिहून ठेवावा.