आवाजाचा पुरावा

गायकांवरून वाद घालणं म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं मानणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही. परभणीत मी हे वाद लहानपणापासून ऐकत आलो. फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरला, की रात्रीच्या कव्वालीचा निकाल दुसऱ्या दिवशी हॉटेलांतून लागायचा. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या आगेमागे गायक बदलायचे, वाद घालणारी माणसं तीच असायची. प्रल्हाद शिंदे मोठे की श्रावण यशवंते? कृष्णा शिंदे, गोविंद म्हशीलकर यांची नावं आताच्या पोरांना माहीत तरी आहेत का? आवाज चढवणारा मोठा, की शब्द पोचवणारा? चहा निवून जायचा, आणि शेवटी कुणीतरी घरून कॅसेट आणायला उठायचं.

माझ्या लेखी समीक्षा सुरू होते ती तो माणूस उठतो तिथे. शास्त्रीय गायकांना समीक्षक मिळाले, नाट्यसंगीताला चरित्रकार मिळाले, भावगीतांवर दिवाळी अंकांतून भरभरून लिहिलं गेलं. भीमगीतं, कव्वाल्या, लोकगीतं गाणाऱ्यांच्या वाट्याला यातलं फार थोडं आलं. त्यांच्यावर लिहिलं गेलं ते बहुधा चळवळीचा इतिहास म्हणून, आणि तिथे गाणं काय सांगतं एवढंच पाहिलं गेलं. ते गायलं कसं, दम कुठे घेतला, ढोलकी कुठे रोखली, कोरसवाल्यांनी ओळ उचलायच्या आधी गायकाने ती कुठे सोडली, हे प्रश्न कुणी छापून विचारले नाहीत. ते हॉटेलात विचारले गेले. ही समीक्षा तोंडी राहिली म्हणून ती हलकी ठरत नाही.

खरं तर वाद या गाण्याच्या पोटातच आहे. 'कव्वालीचा जंगी सामना' अशी भिंतीवरची जाहिरात आपल्याकडे पिढ्यांनी वाचली. दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या, एकीने टाकलेला सवाल दुसरीने रात्र संपायच्या आत फेडायचा. ऐकणारा घरी जायचा तो बाजू घेऊनच. मराठवाडा निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत होता, त्यामुळे उर्दूचा कान इथे घरचाच होता, आणि कव्वालीची उठावणी भीमगीतात आली तेव्हा परभणीच्या श्रोत्याला ती परकी वाटायचं कारण नव्हतं.

प्रल्हाद शिंदे यांचंच बघा. जन्म १९३३, मृत्यू २००४. सुरुवातीला ते इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरसमध्ये गायचे. पुढे त्यांच्या गळ्यातून कव्वाली आली, विठ्ठल आला, बाबासाहेब आले. आषाढीत पंढरीच्या वाटेवरचं त्यांचं गाणं ज्या ट्रॅक्टरवर वाजतं, त्याच ट्रॅक्टरवर १४ एप्रिलला त्यांचंच भीमगीत लागतं. यातला खरा प्रल्हाद शिंदे कोणता, हा आमच्याकडचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात कडवा वाद आहे. एक पक्ष म्हणतो, धर्मांतरात बावीस प्रतिज्ञा घेऊन देव सोडलेल्या समाजाच्या गायकाने देवाची गाणी गायली ती पोटासाठी, ती बाजूला ठेवा. दुसरा म्हणतो, देवाच्या गाण्यांनी तो घराघरात पोचला, बाकीचं नंतर.

हाच वाद दुसऱ्या एका समाजाने अगदी याच तीव्रतेने घातला आहे. अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं सोल संगीत चर्चमधून निघालं. सॅम कुक हा 'सोल स्टरर्स' या भक्तिगीतं गाणाऱ्या संचाचा लाडका गायक. त्याने १९५६मध्ये पहिलं प्रेमगीत काढलं ते डेल कुक या खोट्या नावाने, कारण चर्चचा श्रोता दुखावेल ही धास्ती होती. नाव बदललं तरी आवाज कसा लपणार? लोकांनी ओळखलाच. रे चार्ल्सने त्याआधीच एका भक्तिगीताच्या वळणावर बाईमाणसाच्या प्रेमाचं गाणं बांधलं होतं, आणि ज्यांना ते पाप वाटलं त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. देवासाठी घडलेला गळा माणसासाठी वापरावा का, हा तिथला प्रश्न. आमच्याकडे तो उलट्या बाजूने आला: मुक्तीचं गाणं गाणाऱ्याने देवासाठी गावं का?

अमेरिका इथे ओढून आणलेली नाही. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरकडे बघत. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवत होते. लातूरचे जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. मराठवाड्यातल्या वाचत्या तरुणांना त्या समाजाची कविता, आत्मचरित्रं, लढे ठाऊक होते. त्यांचा आवाज मात्र आपल्याकडे फारसा पोचला नाही. पुस्तक टपालाने येतं, तबकडी परभणीपर्यंत कशी यायची? ही उणीव मला फार लागते. तो आवाज त्याच वेळी इथे वाजला असता, तर आपल्याच गायकांना ऐकायची आणखी एक रीत आपल्याला सापडली असती.

वाद पुराव्याने कसा पालटतो याचा नमुना म्हणून ओटिस रेडिंगचं 'रिस्पेक्ट' घ्यावं. त्याने ते १९६५मध्ये लिहून गायलं. कामावरून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागतो, असं ते गाणं. दोन वर्षांनी अरेथा फ्रँकलिनने तेच उचललं. शब्द थोडे फिरवले, काही नवे घातले, मागे बहिणींचा कोरस उभा केला, आणि मान मागणारी ती झाली. वडील डेट्रॉइटचे नावाजलेले धर्मोपदेशक, लहानपण चर्चच्या गाण्यात गेलेलं. तो सगळा जोर त्या एका मागणीत उतरला. त्याच वर्षी माँटेरेच्या महोत्सवात रेडिंगने हे गाणं म्हणताना, एका मुलीने ते आपल्याकडून पळवलं, असं प्रेक्षकांना हसत सांगितलं. आता गाणं कुणाचं? लिहिणाऱ्याचं, की ज्याच्या तोंडी त्याचा अर्थ पुरा झाला त्याचं? माझं मत अरेथाच्या बाजूने आहे. पण मत सांगायचं तर दोन्ही तबकड्या हाताशी हव्यात. एकच उरली असती तर वादच मिटला असता, आणि वादाबरोबर एका बाईने काय केलं तेही पुसलं गेलं असतं.

संग्रह कशासाठी करायचा, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. दुर्मिळ वस्तूचा मालक होण्यासाठी मुळीच नाही. त्या वेडाचं टोक इंग्लंडात दिसलं. तिथल्या उत्तरेकडच्या कामगार गावांत, विगनसारख्या ठिकाणी, सत्तरच्या दशकात पोरं अमेरिकेत न खपलेल्या सोल तबकड्यांवर रात्ररात्र नाचत. आपली तबकडी दुसऱ्याला सापडू नये म्हणून वाजवणारे लेबलवर कागद चिकटवून खोटं नाव सांगत. फ्रँक विल्सन नावाच्या गायकाची १९६५ची एक तबकडी २००९मध्ये पंचवीस हजार पौंडांवर गेली, २०२०मध्ये एक लाखावर. त्या पोरांचं प्रेम खोटं नव्हतं, त्यांच्यामुळे कितीतरी विसरलेले आवाज पुन्हा ऐकले गेले. पण गायकाच्या नावावर कागद चिकटवणं मला क्षमा करण्याजोगं वाटत नाही.

आपल्याकडे तर उलटा हिशेब लावायला हवा. बाजारात कोऱ्या करकरीत तबकडीला भाव असतो. पण जी कोरी राहिली ती कुणी वाजवलीच नाही. वस्तीवर एका फोनोवर शंभर माणसांनी ऐकलेली तबकडी घासून पांढुरकी पडते, सुई एकाच चरीत अडकते, कडा उडतात. लोकांनी कशावर जीव लावला हे त्या चरांत वाचता येतं. माझ्याकडची एक छोटी तबकडी सुरू होताच आधी नुसती खरखर ऐकू येते, मग पेटी, मग खरखरीच्या वर चढत येणारा माणूस. मुखड्याच्या आधीचा आलाप जिथे सुरू होतो, तिथेच चर सगळ्यात जास्त झिजली आहे. सुई उचलून पुन्हा पुन्हा तिथेच कोण ठेवत होतं कोण जाणे. त्याला गाण्यातली जागा बरोबर कळत होती.

आणि लेबल. वर कंपनीचं नाव मोठं, मध्ये गायकाचं, त्यापुढे 'आणि पार्टी'. गीतकार असलाच तर बारीक अक्षरात, ढोलकीवाला कुठेच नाही. या 'पार्टी' शब्दाखाली किती माणसं गाडली गेली याचा विचार मला सुचला तो प्रल्हाद शिंदेंमुळे. आझादांच्या कोरसमध्ये टाळी देत बसलेला तो तरुण त्या वेळी 'पार्टी'च होता. तो पुढे आला म्हणून नाव राहिलं. त्याच्या शेजारी बसलेल्यांचं काय?

वामनदादा कर्डकांना हे फार आधी कळलं असावं. सिन्नरजवळच्या देशवंडीचा हा माणूस, जन्म १९२२, अक्षरओळख मोठेपणी झालेली. गाणी लिहीत आणि गात त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला, २००४मध्ये गेले. त्यांच्या गाण्याच्या शेवटी त्यांचं नाव ओवलेलं असतं. गायक कुणीही असो, तबकडी कुणाचीही असो, लेबल फाटलेलं असो, शेवटचं कडवं वाजलं की कवी कळतो. ही रीत संतांची. आमच्या गंगाखेडची जनाबाई सातशे वर्षं टिकली यात त्या नाममुद्रेचा वाटा मोठा आहे. छपाई नव्हती, कंपनी नव्हती, दुसऱ्याच्या घरची दळणं होती, तरी नाव गाण्यातच बांधलेलं असल्यामुळे ते कुणाला काढता आलं नाही.

आता मात्र ते काढलं जातंय. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली तेव्हा वाटलं, बरं झालं. मोठ्या कंपनीच्या दारात उभं राहायची गरज उरली नाही, गावोगावच्या गायन पार्ट्यांची गाणी दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर मांडलेल्या दुकानांतून घरी आली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतर लढ्याच्या सोळा वर्षांत मराठवाड्यातल्या वस्त्यांवर जे गायलं गेलं, त्यातलं थोडंफार राहिलं असेल तर ते अशाच फितींवर. पण कॅसेटवर साल बहुधा नसतं. एकावरून दुसरी भरून घेताना कव्हर मूळ मालकाकडेच राहायचं, नव्या डबीवर बॉलपेनने 'भीमगीते, भाग २' एवढंच. आमच्याकडचा उन्हाळा फितीला सोसत नाही, ती चिकटते, आवाज डगमगतो. त्यातून जे वाचलं ते पेनड्राइव्हवर गेलं, आणि तिथे गाण्याचं नाव 'ट्रॅक ०७'. विगनच्या पोरांनी कागद मुद्दाम चिकटवला होता. आपण तो आळसाने चिकटवतो आहोत. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत जाऊच देत नाहीत, म्हणजे वामनदादांनी गाण्यात ठेवलेलं नावही लोकांच्या कानावर पडत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

ज्यांची तबकडीच निघाली नाही त्या बायकांचं तर वादात नावच नसतं. या बाबतीत आपला जिल्हा एका ठिकाणी नशीबवान ठरला. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. पुढे त्या 'पारी' या संकेतस्थळाने लोकांसमोर ठेवल्या. त्यात पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे आहेत, ध्वनिमुद्रण १९९६चं. सीतेच्या वनवासाच्या ओव्या त्या गातात. साथीला काही नाही. सूर लावतात तो सरळ, ओळीच्या शेवटी तो खाली सोडतात, आणि सोडताना घाई करत नाहीत. मोठमोठ्या सोल गायिका ज्या थांबण्यासाठी नावाजल्या गेल्या, ते थांबणं इथे आहे. त्याच संग्रहात माजलगावच्या बाजूच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. ज्या चालीत सीता आणि भाऊराया, त्याच चालीत भीमराव. प्रल्हाद शिंदेंच्या गळ्यात विठ्ठल आणि भीम एकत्र कसे, याचं कोडं पडणाऱ्यांनी या ओव्या जरूर ऐकाव्यात.

मुंबईत १९९०मध्ये ध्वनिमुद्रिका संग्राहकांची एक संस्था निघाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी तबकड्यांचे क्रमांक, गायकांच्या सूची, कंपन्यांचे इतिहास चिकाटीने नोंदवले. तसलं काम परभणी, पूर्णा, सेलू, जिंतूरच्या घरांतल्या कॅसेटींसाठी व्हायला हवं, आणि त्याला मोठा निधी लागत नाही. म्हाताऱ्या ढोलकीवाल्याजवळ बसून कॅसेट वाजवायची आणि विचारायचं: हा आवाज कुणाचा, गाणं कुणी लिहिलं, पेटीवर कोण, कुठल्या साली, कुठल्या गावी? तो सांगेल ते तारखेसकट वहीत उतरवायचं. तो माणूस आहे तोवरच हे होईल.

माझ्यापुरता निकाल मी देऊन टाकतो. प्रल्हाद शिंदे दोन नाहीत. विठ्ठलाच्या गाण्यात जी आर्जवाची हाक आहे, तीच भीमगीतात ताठ उभी राहते. दम घ्यायच्या जागा त्याच, वरच्या सुरावर किंचित खरखरणारा कंठ तोच. देवाची गाणी वगळा म्हणणाऱ्यांनी ती ताठ हाक घडली कुठे ते सांगावं, आणि भीमगीतं नंतरची म्हणणाऱ्यांनी ती हाक अखेर कुणासाठी होती ते सांगावं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आपली कॅसेट घेऊन यावं. दोन्ही गाणी एकामागून एक लावू, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत लावू.