हरलेल्याचा हिशेब

प्रामाणिक माणसाकडे हिशेब मागणे हा त्याचा अपमान आहे काय? घरात आपण तसे मानतो खरे. मुलाने बाजारातून आणलेली मोड मोजून घेतली, की तो हिरमुसतो. पण शेलूबाजारसारख्या, नावातच बाजार मिरवणाऱ्या गावी दुकानदाराच्या वजनावर सरकारी शिक्का असतो, त्याचा खऱ्या मापाच्या दुकानदाराला राग येत नाही. शिक्का म्हणजे संशय नव्हे. अनोळखी गिऱ्हाइकाला दिलेला तो शब्द असतो.

न्यायाचा तराजू हाती धरणाऱ्यालाही हाच नियम लावावा काय?

आपल्याकडे न्यायाधीश मते मागत नाहीत. मते मागतो तो ग्रामपंचायतीचा उमेदवार. त्याने मुदतीत निवडणूक-खर्चाचा हिशेब दिला नाही, तर तो अपात्र ठरू शकतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत मात्र न्यायाधीशही निवडून येतात, आणि निवडणूक म्हटली की देणगीदार आलेच. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीविरुद्ध ५ कोटी डॉलरांचा निवाडा झाला. अपील व्हायचे होते. अशा वेळी, २००४ साली, कंपनीच्या प्रमुखाने न्यायासनाच्या एका उमेदवारासाठी सुमारे ३० लाख डॉलर खर्चले. उमेदवार निवडून आला, खटल्यातून बाजूला झाला नाही, आणि कंपनी ३ विरुद्ध २ मतांनी जिंकली! त्याने बाजूला व्हायला हवे होते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ठरवले. लाच कुणी सिद्ध केली नव्हती. पण खर्चाचा आकडाच अंधारात राहिला असता, तर हरलेल्याने दाद तरी कशाच्या बळावर मागितली असती?

कुणी म्हणेल, रामशास्त्र्यांना कोणी हिशेब विचारला होता? नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबांना देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या त्या पुरुषाला तो विचारावा लागला नाही, हे खरे. त्यांच्या निःस्पृहतेच्या कथा आजही सांगितल्या जातात. त्यांची साधी राहणी हीच त्यांची उघडी वही होती. आजचा न्यायाधीश बदलीने येतो, बदलीने जातो. त्याचे घर पक्षकाराने पाहिलेले नसते. म्हणून वही कागदावर उघडावी लागते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली न्यायाधीशांनी मालमत्ता सरन्यायाधीशांना कळवावी असे ठरवले. ती लोकांसमोर ठेवण्याचा ठराव १ एप्रिल २०२५ रोजी केला.

या उघडेपणात धोका नाही असे नाही. चिडलेला पक्षकार त्याच आकड्यांतून चिखल कालवील. पण झाकलेल्या वहीवर तर तो वाटेल ते आकडे लिहील.

जिंकलेला माणूस न्यायाधीशाची चौकशी करीत नाही. तो पेढे वाटीत घरी जातो. शेत गमावून, रित्या हातांनी कोर्टाची पायरी उतरणाऱ्याला मात्र एवढे तरी म्हणता आले पाहिजे, की माझी बाजू पडली, पण तराजू खरा होता. हिशेब त्याच्यासाठी आहे. लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांना हळदकुंकू वाहतो, ते बंद वहीला नव्हे. उघडून पाटावर ठेवलेल्या वहीला.