फराक्क्याची पाणीपाळी

दरवर्षी १ जानेवारीला बांगलादेशाचे अभियंते पश्चिम बंगालमधल्या फराक्का बंधाऱ्यावर येतात, आपले अभियंते बांगलादेशात पद्मा म्हणवणाऱ्या गंगेवरच्या हार्डिंज पुलापाशी जातात आणि ३१ मेपर्यंत दोन्हीकडे गंगेचा विसर्ग रोज मिळून मोजला जातो. ऑगस्ट २०२४मध्ये शेख हसीना यांचे सरकार कोसळले, दिल्ली-ढाक्याचे बोलणे आटले. तरी २०२५मध्ये ही मोजणी चुकली नाही.

पण ज्या कराराने ही शिस्त लावली, त्या गंगा पाणीवाटप कराराची ३० वर्षांची मुदत डिसेंबर २०२६मध्ये संपते. तो आपोआप वाढत नाही. त्याला दोघांची संमती लागते. हसीनांशी जमत होते, आता भरवसा कोणाचा धरायचा, असे अनेकजण विचारतात. मला ही भीती पटत नाही. १९७७चा पाच वर्षांचा करार झाला, तेव्हा दिल्लीत मोरारजी देसाईंचे सरकार नवे होते. १९९६मध्ये देवेगौडा आणि हसीना, दोघेही जूनमध्ये सत्तेवर आले आणि १२ डिसेंबरला सह्या झाल्या. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूही सोबत होते. उलट २०११मध्ये मनमोहन सिंग आणि हसीना यांचे चांगले जमत असूनही तिस्ता नदीच्या पाण्याचा करार अडला, कारण पश्चिम बंगालच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी राजी नव्हत्या.

खरे नुकसान होते ते करार नसल्याने. १९८८ ते १९९६ या काळात वाटपाचा कागदच नव्हता. पद्मेची गडाई ही शाखा उन्हाळ्यात कोरडी पडू लागली, खुलना भागात खारे पाणी आत सरकले.

करारातला हिशेब साधा आहे. फराक्क्याला ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी असेल, तर निम्मे-निम्मे. ११ मार्च ते १० मे या कडक दिवसांत दर दहा दिवसांनी आळीपाळीने एकेकाला ३५,००० क्युसेक पक्के. कालव्याच्या आवर्तनावर पीक जगवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पाळी ठरलेली असेल, तर न पटणारा शेजारीही आपल्या दिवसाची वाट पाहतो. ठरलेली नसेल, तर सख्खे भाऊही बांधावर भांडतात.

म्हणून ढाक्याच्या खुर्चीत कोण आहे हे न पाहता, कोलकात्याला बरोबर घेऊन दिल्लीने बोलणी करावीत. नवा मसुदा लांबणार असेल, तर तोवर जुनाच करार चालू राहील एवढे तरी लेखी ठरवावे. १ जानेवारी २०२७लाही ते अभियंते फराक्क्याला मोजणीसाठी आलेच पाहिजेत.