मेंढपाळ नावाने हाक मारितो



दरवर्षी आषाढी एकादशीच्या आधी तुकोबांची पालखी बारामती व इंदापूर ह्या तालुक्यांतून पंढरपुराकडे जाते. बेलवाडीस रिंगण होते त्या दिवशी रस्त्याच्या दोहों बाजूंस माणसांची दाटी होते. थकलीभागली म्हातारी माणसेही चालत असतात. त्यांत आमचे शेजारी असतात, कित्येकांचे आप्तही असतात. त्यांची थट्टा करणे आम्हांस शोभत नाही. मनुष्याच्या अंतःकरणात देवाविषयी केवढी भूक आहे, हे त्या वाटेवर दिसते. ह्याच बारामतीस कवी मोरोपंत राहिले व १७९४ साली वारले. त्यांनी देवाचा जो धावा केला त्या काव्यास ‘केकावली’ असे नाव दिले. केका म्हणजे मोराची आरोळी. मेघाकरिता मोर ओरडतो, तसा भक्त देवाकरिता ओरडतो, असा त्या नावाचा भाव आहे.

मनुष्याने देवास हाक मारावी, ही गोष्ट आमच्या लोकांस कोणी शिकवावयास नको. परंतु देवही मनुष्यास हाक मारितो काय? त्यालाही आमची ओढ आहे काय? आज ह्या एकाच प्रश्नाचा आपण विचार करू.

पवित्र शास्त्राच्या अगदी आरंभी ह्याचे उत्तर आहे. आदामाने आज्ञा मोडिली आणि तो बागेतील झाडांआड लपला. तेव्हा आदाम काही देवाला शोधावयास निघाला नाही. देवच त्याला शोधीत आला व तो कोठे आहे म्हणून विचारू लागला. सर्वज्ञ देवास त्याचा ठिकाणा ठाऊक नव्हता काय? ठाऊक होता. मग हे विचारणे कशाकरिता?

पूर्वी ज्या जमातींवर सरकारने गुन्हेगारीचा शिक्का मारिला होता, त्यांच्या माणसांस ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, तोपर्यंत कित्येक घराण्यांच्या पिढ्या त्या हजेरीखाली गेल्या. हजेरी घेणारा नाव पुकारी. पण ज्याचे नाव पुकारिले तो जेवला आहे की उपाशी आहे, हे त्याच्या कामात बसत नसे. देवाची हाक तशी नव्हे. दिवेलागण झाली आणि मूल घरी आले नाही, म्हणजे बाप गल्लोगल्ली त्याचे नाव घेत फिरतो. तशी ती हाक आहे. मुलाने काही मोडतोड केली म्हणून ते भिऊन लपले आहे, हे बापास समजलेले असते. तरी आधी त्याला आपले मूल पाहिजे असते. मोडतोडीचे पुढे पाहता येते.

हीच गोष्ट प्रभू येशूने मेंढराच्या दाखल्यात सांगितली. आपल्या भागातील धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात व पावसाच्या तोंडी माघारी येतात. परक्याला सगळी मेंढरे सारखीच दिसतात. धनगरास तशी दिसत नाहीत. लंगडी कोणती, नुकतीच व्यालेली कोणती, मागे रेंगाळणारी कोणती, हे तो अंधारातही सांगेल. प्रभू म्हणतो की चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांस नावाने हाक मारितो. आणि शंभरांतून एक हरवले, तर नव्याण्णव मागे ठेवून त्या एकाकरिता रानात जातो. हिशेबी मनुष्य म्हणेल, “शंभरांत एक गेले, तेवढा तोटा होणारच.” देवाच्या हिशेबात असे ‘एक’ नाही. ते सापडले म्हणजे तो रागाने त्याला हाकीत नाही. खांद्यावर घेतो आणि आनंद करितो.

कोणी म्हणेल, “हे शिकलेल्यांचे व मोठ्यांचे बोलणे झाले. आमच्यासारख्यांच्या संगतीची देवास काय गरज?” पिढ्यानुपिढ्या ज्यांस वेशीबाहेर ठेविले, त्यांच्या मनात ही शंका खोल रुतली आहे, हे आम्ही जाणतो. सार्वजनिक तळ्यातील पाणी पिण्याचा हक्क बजावण्यासाठी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांस जावे लागले. अशा मनुष्याने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचावा. वाचता येत नसेल तर कोणाकडून वाचून घ्यावा. प्रभू भरदुपारी विहिरीपाशी बसला होता. तेथे एक शोमरोनी स्त्री आली. तिच्या लोकांशी यहूदी लोक व्यवहार ठेवीत नसत. गावात तिला मान नव्हता. तिच्याजवळ प्रभूने काय केले? त्याने तिच्या हातचे पाणी मागितले! उपदेश मागाहून आला. आधी त्याने तिच्यापुढे हात पसरिला. देवाला आमची ओढ आहे काय, असे ज्यास वाटते त्याने तहानलेल्या प्रभूचा तो हात डोळ्यांपुढे आणावा. पुढे तो हात वधस्तंभावरही पसरला गेला, तो आम्हांकरिताच.

येथे आम्हांस स्वतःलाही एक प्रश्न करणे भाग आहे. आम्ही बाप्तिस्मा घेतला, मंडळीच्या यादीत नाव घातले, नाताळास नवी वस्त्रे केली. एवढ्याने त्या हाकेस उत्तर दिले, असे होते काय?

दौंडाच्या पलीकडे केडगाव आहे. तेथे ज्यांनी मुक्ति सदन उभारिले, त्या पंडिता रमाबाईंची साक्ष ह्या बाबतीत ऐकण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. लहानपणी आईबापांबरोबर त्या तीर्थोतीर्थी पायी हिंडल्या. १८७४ सालच्या सुमारास दुष्काळाने व हालअपेष्टांनी आईबाप गेले. संस्कृत विद्येत त्यांची बरोबरी करणारी स्त्री देशात विरळा होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी विधवांकरिता शारदा सदन काढिले व कष्टात दिवस घालविले. हे सर्व असूनही त्यांनी १९०७ साली मोकळेपणाने लिहिले की ख्रिस्ती धर्म आपल्यास मिळाला होता, परंतु त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे ८ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांस ही उणीव उमगली व त्यांनी आपणांस ख्रिस्ताच्या स्वाधीन केले.

बंधूंनो, एवढी विदुषी ८ वर्षे दारापर्यंत येऊन बाहेर राहिली, आणि तसे कबूल करावयास लाजली नाही. मग आम्ही लाजावे कशास? ज्यास आपल्या ठायी ही उणीव दिसते, त्याने निराश होऊ नये. ज्याने ८ वर्षे रमाबाईंची वाट पाहिली, तो आमचीही पाहत आहे.

त्याच्याशी बोलू लागण्यास मोठी भाषा लागत नाही. सभेत उभे राहून प्रार्थना करिता येत नसेल, तर मोटेवर, उसाच्या बांधावर, जात्यापाशी आपल्या साध्या बोलीत बोलावे. कर्जाची चिंता सांगावी, आजारी लेकराचे सांगावे, शेजाऱ्याशी झालेले भांडण आणि त्यात आपली चूक किती, हेही लपवू नये. बाप मुलाच्या बोलण्यातील व्याकरण पाहत नाही. आणि नुसते बोलून उठू नये. थोडे उगे बसावे, शास्त्रातील एखादा भाग ऐकावा, म्हणजे त्याचे म्हणणे काय, हेही कळू लागते. एकानेच बोलावे व दुसऱ्याने नुसते ऐकावे, असे सख्य कोठे असते?

उपदेशक बंधूंस आमची एक विनंती आहे. आपण आठवड्यास यादी वाचता, गैरहजर कोण ते टिपून ठेविता. ते करावेच. परंतु जो आला नाही त्याच्या घरी सायंकाळी जाऊन बसावे. तो का आला नाही, ह्याआधी तो कसा आहे, हे विचारावे. आपण त्याला नावाने हाक मारावी, म्हणजे मेंढपाळाची हाक कशी असते, हे त्याला काहीतरी समजेल. आपली हाक हजेरीसारखी असेल, तर देवही हजेरी घेणारा आहे, असेच तो बिचारा समजून बसेल.

आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी प्रत्येकाने क्षणभर उगे राहावे. ज्याने आदामास बागेत शोधिले, तोच आमच्याही दाराशी उभा आहे. त्याला आमचे नाव ठाऊक आहे. आम्ही एवढेच म्हणावे, “प्रभू, मी येथे आहे.” देव आपणां सर्वांस ते म्हणण्याचे धैर्य देवो. आमेन.