इमान आणि अनामत

तुर्भे-वाशीच्या एपीएमसी मार्केटात भल्या पहाटेपासून जी भाषा कानी पडते, तिच्यातील कामाचे कितीतरी शब्द अरबस्तानातून आलेले आहेत. हमाल अरबी, दलाल अरबी, हिशेब आणि बाकीदेखील अरबीच. १९८० आणि १९९०च्या दशकांत कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळे आणि भाजीपाला यांचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने मुंबईतून खाडीपलीकडे आले. तेव्हा धान्यबाजाराने आपले ‘दाणाबंदर’ हे नाव बरोबर आणले, तसे हे शब्दही आले. कुराणात अंतिम न्यायाच्या दिवसाला हिशेबाचा दिवस म्हटले आहे, हे पेढीवर वही उघडून बसणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे!

यांतील दोन शब्दांपाशी थोडे थांबावेसे वाटते. पहिला शब्द इमान. अरबीत ईमान म्हणजे श्रद्धा: एका ईश्वरावर, त्याच्या प्रेषितांवर आणि न्यायाच्या दिवसावर. मराठीत आल्यावर त्याच शब्दाचा अर्थ प्रामाणिकपणा असा झाला. अमुक आडत्या इमानी आहे असे म्हणताना तो कोणत्या देवाला भजतो, हे मराठी माणूस विचारीत नाही. दुसरा शब्द अनामत. मूळ शब्द अमानत, म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव. आपण त्यातील अक्षरांची अदलाबदल केली, इतकेच. इमाम अहमद यांच्या संग्रहात एक हदीस आहे, तिच्यात हे दोन्ही शब्द एकत्र येतात. ज्याच्यापाशी अमानत नाही त्याच्यापाशी ईमानही नाही, असा तिचा आशय. याच जातीची आणखी एक हदीस सहीह मुस्लिम या संग्रहात आहे. बाजारातून जाताना महंमद पैगंबरांनी धान्याच्या राशीत हात घातला आणि बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसविणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. दाणाबंदरात पोत्यात नळी खुपसून नमुना काढतात, तो याच ओल्या राशीच्या भीतीने.

अमानत नसेल तर ईमान नाही, हे झाले. पण उलट बाजूचे काय? ज्याच्यापाशी अमानत आहे आणि ईमान मात्र आपल्या धर्माचे नाही, त्याला जन्नतीत काय मिळणार? या बाजारात मुसलमान बागवान, कच्छी आणि गुजराती व्यापारी, सातारा-सांगलीकडचा माथाडी ही सगळी माणसे रोज एकमेकांच्या शब्दावर माल सोडतात. ज्याच्या तोंडी शब्दावर लाखाची उधारी द्यावी, तोच माणूस मरणोत्तर नरकाचा धनी आहे, असे मनोमन मानून त्याच्याशी व्यवहार करता येईल काय? करता येतही असेल. परंतु त्या विश्वासाला आतून कीड लागल्यावाचून राहणार नाही, असे मला वाटते.

हदिसींत याचे एकच एक उत्तर शोधू जाणाऱ्याची पंचाईत होते. तहानेने जीभ बाहेर काढलेल्या कुत्र्याला पायातल्या मोज्याने पाणी काढून पाजणाऱ्या वेश्येला क्षमा मिळाली. वाटेवरची काटेरी फांदी बाजूला करणाऱ्याला मिळाली. ऋणकोंना सवलत द्या, असे आपल्या माणसांना सांगणाऱ्या सावकारालाही मिळाली, आणि त्याच्या खाती दुसरे पुण्य जवळपास नव्हतेच. आपल्या कृत्यांच्या बळावर कोणीही जन्नतीत जाणार नाही, मीसुद्धा ईश्वराच्या कृपेवाचून जाणार नाही, असे पैगंबरांनी सांगितल्याचेही बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

आणि मग इब्न जुदआनची हदीस येते. ती वाचकाला अडवते. हा मक्केचा धनाढ्य पुरुष इस्लामपूर्व काळातला, नातलगांना जपणारा आणि भुकेल्यांना जेवू घालणारा. त्याला या सत्कृत्यांचा उपयोग होईल काय, असे आयेशांनी विचारले. पैगंबरांनी नाही म्हटले, कारण न्यायाच्या दिवशी माझ्या पापांची क्षमा कर असे तो आपल्या प्रभूला एकदाही म्हणाला नव्हता. नववी यांच्यासारख्या भाष्यकारांनी यावरून सिद्धान्त काढला की श्रद्धेवाचून केलेल्या सत्कृत्याला परलोकी फळ नाही. हा अर्थ जुना आहे आणि मान्यवरांचा आहे. तरीही हकीम इब्न हिजाम यांची गोष्ट तिच्या शेजारीच ठेवावी लागते. इस्लाम स्वीकारण्यापूर्वी मी केलेल्या दानधर्माचे काय, असे त्यांनी विचारले तेव्हा त्यांना उत्तर मिळाले की पूर्वीच्या भल्यासकटच तू इस्लाममध्ये आलास. म्हणजे ते भले वाया गेले नव्हते. पुढे अल-गझाली (मृत्यू ११११) यांनी लिहिले की ज्यांच्यापर्यंत इस्लामचा संदेश पोहोचलाच नाही, किंवा विकृत रूपात पोहोचला, अशा दूरच्या ख्रिस्ती व तुर्क लोकांना ईश्वराची दया व्यापून राहील. परंपरेच्या आतच उभे राहून इतका मोठा माणूस हे म्हणू शकला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आपण ख्रिस्ती वाचकांनी इब्न जुदआनच्या हदिसीवर नाके मुरडू नयेत. फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४४२ साली जवळजवळ हेच म्हटले होते: ख्रिस्तसभेबाहेर राहणाऱ्याने कितीही दानधर्म केला, ख्रिस्ताच्या नावाने रक्त सांडले, तरी त्याला तारण नाही. तिथून दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ आणि १९६५ सालच्या दस्तऐवजांपर्यंत यायला आपल्याला पाचशेहून अधिक वर्षे लागली. श्रद्धा की सत्कृत्ये, या घरच्या भांडणात तर कॅथलिक आणि लूथरपंथीय यांची मूळ मुद्द्यावर सहमती व्हायला १९९९ साल उजाडले.

आता मजुरांचा दाखला. मत्तयच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. द्राक्षमळ्याचा धनी बाजारात उभ्या असलेल्या माणसांना दिवसाच्या वेगवेगळ्या तासांना कामावर लावतो आणि संध्याकाळी सर्वांना सारखीच मजुरी देतो. सहीह बुखारीत हिची बहीण शोभावी अशी गोष्ट आहे. सकाळपासून दुपारपर्यंत एका कीरातवर यहुदी राबले, दुपारपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत एका कीरातवर ख्रिस्ती राबले, आणि तिथून सूर्यास्तापर्यंत राबलेल्या मुसलमानांना दोन कीरात मिळाले. पहिले दोघे रागावले तेव्हा धन्याने विचारले, तुमच्या ठरलेल्या मजुरीत मी काही कापले काय? नाही म्हटल्यावर तो म्हणाला की उरलेली माझी कृपा आहे, ती मी हव्या त्याला देईन.

इथे आपण दुपारचे मजूर आहोत, हे वाचून कॅथलिक माणसाला किंचित बोचते, आणि बोचायला हवे. कारण आपल्याही अनेक भाष्यकारांनी मत्तयच्या गोष्टीतील पहाटेचे कुरकुरणारे मजूर यहुदी ठरविले आणि शेवटच्या तासाची जागा स्वतःसाठी राखली. प्रत्येक समाजाला शेवटच्या तासाचा मजूर व्हायचे असते. काम थोडे, दाम दुप्पट. परंतु दोन्ही गोष्टींत धनी एक भेद करतो, तो सहज निसटतो. मजुरी हा हक्क आहे, आणि तो कोणाचाही बुडालेला नाही. कृपा त्याच्या वरची आहे. जन्नत या कृपेच्या सदरात मोडते. म्हणून ती कोणाला मिळेल, हे कोणीही हिशेबनीस सांगू शकत नाही, मग तो मौलवी असो वा धर्मगुरू. मजुरीचे सदर मात्र आपल्या हाती आहे आणि त्याच्याबाबत हदिसी विलक्षण कडक आहेत. अशा हदिसी ऐकणाऱ्याला स्वतःच्या वहीकडे वळवितात. शेजाऱ्याची वही तपासण्याचा अधिकार त्या कोणाला देत नाहीत, असे माझे वाचन आहे.

सहीह मुस्लिममधील दिवाळखोराची हदीस पाहावी. खरा दिवाळखोर कोण? जो नमाज, रोजे, जकात यांची मोठी शिल्लक घेऊन न्यायाच्या दिवशी येतो, पण ज्याने कुणाला शिवी दिली, कुणाचे पैसे खाल्ले, कुणाला मारले. ते सगळे येणेकरी उभे राहतात, त्याची पुण्ये त्यांना वाटून दिली जातात आणि पुण्ये संपली की त्यांची पापे त्याच्या खाती चढतात. येणेकऱ्यांचा धर्म तिथे सांगितलेला नाही. बुखारीत आणखी एक आहे: तीन माणसांविरुद्ध त्या दिवशी ईश्वर स्वतः वादी म्हणून उभा राहील, आणि त्यांतला एक म्हणजे मजुराकडून पुरते काम करून घेऊन मजुरी न देणारा. त्या मजुराचाही धर्म सांगितलेला नाही. एपीएमसीत पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाची मजुरी नोंदणीकृत मालकाने माथाडी मंडळात भरावी, मंडळाने ती त्याला द्यावी, ही व्यवस्था महाराष्ट्राच्या १९६९च्या कायद्याने आणली. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीला त्यासाठी झगडावे लागले, कारण त्याआधी पोते उचलून झाल्यावर दामाची खात्री नसे.

इब्न जुदआनविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. जुबैद टोळीचा एक परदेशी व्यापारी मक्केत माल घेऊन आला होता. तिथल्या एका प्रतिष्ठिताने माल घेतला आणि पैसे बुडविले. तेव्हा पीडित कोणीही असो, त्याचा हक्क मिळवून देऊ, असा करार मक्केतील काही घराण्यांनी केला. तो करार इब्न जुदआनच्याच घरी झाला आणि तरुण महंमद तिथे हजर होते. पुढे प्रेषित झाल्यावरही ते म्हणत, तांबड्या उंटांच्या मोबदल्यातही मी तो करार सोडणार नाही, आणि आज इस्लाममध्ये असताना कोणी त्याच्या नावाने हाक दिली तरी मी ओ देईन. ज्याच्या मालापायी हा करार झाला, तो व्यापारी बहुतेक वृत्तान्तांत जुबैदचा एक माणूस एवढाच उरला आहे.