पांढरीची माती

आमच्याकडे जमिनीला दोन रंग. शेत म्हणजे काळी, गाव म्हणजे पांढरी. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. घरांच्या भिंती दगडाच्या, दगडांच्या सांध्यात नुसता चिखल, आणि वर लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचं जाड माळवद. भर उन्हाळ्यात आत शिरलं की अंग गार व्हायचं. माझा आजा दर पावसाळ्याआधी माळवदावर आणखी माती टाकून चोपायचा. त्याच्या हाताखाली ते दरवर्षी थोडं जाड, थोडं जड होत गेलं.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं असताना, ते खाली आलं. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते, माणसं उशिरा निजली होती. तेव्हाच्या उस्मानाबाद आणि लातूर जिल्ह्यांत हजारो माणसं त्या झोपेतून उठलीच नाहीत. मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या घरातून आजा गेला आणि माझी धाकटी बहीण गेली. ती मायच्या कुशीत होती. माय निघाली, ती निघाली नाही.

आमच्या गावाला एक नर्स होत्या. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. सगळं गाव त्यांना सिस्टरबाई म्हणायचं. त्यांचे यजमान शाळेत मास्तर होते. त्या रात्री सिस्टरबाई एका बाळंतपणाला शेतातल्या वस्तीवर गेल्या होत्या. तिथं कुडाचं छप्पर. ते हललं, झुललं, पण पडलं नाही, आणि त्याच गोंधळात पोरगा जन्मला. नाळ कापून, बाळ आईच्या छातीशी देऊन त्या धावत गावात आल्या, तर गाव नव्हतं. यजमान, सासू आणि सहा वर्षांचा मुलगा, तिघंही माळवदाखाली.

त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी लोकांच्या जखमा बांधल्या. पट्ट्या संपल्यावर स्वतःचं लुगडं फाडलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण माझ्या कपाळावरची खोक त्याच लुगड्याच्या चिंधीनं बांधलेली होती. हिरवी चिंधी, कडेला पिवळी किनार.

पुढं आम्ही सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. दिवसा भट्टी, रात्री गारठा, आणि पावसाचा एक थेंब पडला तरी बायका किंचाळून बाहेर पळायच्या. माझी माय बोलायची थांबली. खायची नाही, रडायची नाही, नुसती पत्र्याकडं बघत बसायची. सिस्टरबाई रोज संध्याकाळी येऊन तिच्याशेजारी बसायच्या. त्याही बोलायच्या नाहीत. देवाचं नाव नाही, समजूत घालणं नाही, सगळं चांगलं होईल असलं काही नाही. दिवेलागणीला यायच्या, अर्धा तास बसायच्या, उठून जायच्या. दुःखात आलेल्या माणसानं तोंड बंद ठेवणं किती अवघड असतं, हे मला पुढं मोठेपणी कळलं.

मग एके दिवशी त्यांनी एक पाठ आणली. काळीभोर, लोंबत्या कानांची, आमच्या जिल्ह्याच्या तेव्हाच्या नावानं ओळखली जाणारी शेळीची जात. "हिची माय भिंतीखाली गेली. मला दवाखान्यातून वेळ होत नाही. बघता का जरा?" एवढंच म्हणून ती मायच्या मांडीवर सोडली आणि गेल्या. पाठ रात्रभर ओरडली. सकाळी मायनं तोंड उघडलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. माझ्याकडं बघून म्हणाली, "ही उपाशी हाय रं."

नाताळ आला. दिवाळीला आमच्या शेडांत कुणी पणती लावली नव्हती. सिस्टरबाईंनी मात्र कामट्या वाकवून, पतंगाचा कागद डकवून तारा केला, आत दिवा ठेवला आणि दारावर टांगला. आणि त्या गाऊ लागल्या. त्यांच्या मंडळीत टिळकांची भजनं म्हणतात, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. अभंगाच्या, ओवीच्या वळणाची चाल. आमच्यासारख्या वारकरी घराच्या कानाला ती अजिबात परकी लागायची नाही. पण त्या रात्री ती माझ्या बापाला सहन झाली नाही.

तो तरातरा त्यांच्या दारात गेला. मी मागून गेलो. "बाई, तीन माणसं गेली तुमच्या घरातली. तुमच्या गळ्यातून आवाज निघतो कसा? तुम्हाला काहीच वाटत नाही?"

सिस्टरबाई उठल्या. कंदिलाच्या उजेडात त्यांचा चेहरा ओला दिसला. म्हणजे त्या गाताना रडत होत्या. त्यांनी पेटीतून शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं. ढिगाऱ्यातून सापडलेलं, पुठ्ठा मोडलेलं. उघडलं तर पानांच्या मधल्या शिवणीतून पांढरी माती त्यांच्या पदरावर सांडली.

"पहिले आठ दिवस हे उघडलं नव्हतं, दादा," त्या म्हणाल्या. "रागावले होते त्याच्यावर. दुसऱ्याचं लेकरू जन्माला घालायला मला नेलं आणि माझं ठेवून घेतलं, असं तोंडावर बोलले त्याला. तो उगी ऐकत राहिला. ज्याच्यावर एवढं ओरडता येतं, तो आहे जवळ, एवढं तेव्हा कळलं. आता रडते तीही त्याच्यापुढं, गाते तीही त्याच्यापुढं. रडणं संपलं म्हणून गाते असं समजू नका."

"मग सुख कसलं त्यात?"

"सुख नाही म्हणत मी. सुख घरासारखं असतं, ते पडलं. हे खालचं आहे. पायाखालचं."

बापाला ते पटलं नाही. पण तो परत येऊन शेडच्या दाराशी बसला आणि भजन संपेपर्यंत आत आला नाही.

त्या पानांतली माती त्यांनी कधी झटकली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "यांच्याच अंगावर पडलेली आहे ती. राहू दे आत." शास्त्रात पौलाचं एक पत्र आहे, फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेलं. सारखं आनंदाबद्दल बोलणारं, आणि लिहिणारा बेड्यांत. त्या पत्राच्या पानांत माती सगळ्यात जास्त होती. त्या तेच जास्त उघडत असतील, तर ती तिथंच कशी राहिली, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

भूकंपात सपाट झालेली 52 गावं नव्या जागी वसली, त्यात आमचंही. सिमेंटची घरं, रुंद रस्ते. सिस्टरबाईंना नगरकडं बदली मिळत होती, त्या गेल्या नाहीत. त्या रात्री वस्तीवर जन्मलेल्या पोराची पाटी-पुस्तकं त्यांनी दहावीपर्यंत भरली. त्याच्याकडं बघून त्यांच्या मनात काय येत असेल, हे विचारायचं धाडस गावात कुणी केलं नाही. एकदा तो आजारी होता, तेव्हा त्या रात्रभर त्याच्या उशाशी बसलेल्या मी पाहिल्या.

मग दुष्काळ आले. 2015 साली सोयाबीन जागेवर वाळलं, बोअर कोरडे पडले, आणि दावणीची जनावरं छावणीत न्यावी लागली. बाप ओसरीवर दिवसदिवस पडून राहायचा. त्या काळात आमच्या भागात असा पडून राहिलेला माणूस बघितला की घरच्यांच्या पोटात गोळा यायचा. सिस्टरबाई आल्या. शास्त्रात हबक्कूक नावाचा संदेष्टा आहे. त्यानं शेवटी बुडीत पिकांची यादीच दिलीय. फळ धरलं नाही, मळा पिकला नाही, मेंढवाडा रिकामा, गोठा ओस. आणि एवढं सगळं मोजून झाल्यावर तो म्हणतो, तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन. त्यांनी ते वाचलं. बाप उठून बसला.

"पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"हा माणूस आपल्याच तालुक्यातला दिसतोय," बाप म्हणाला. मग बराच वेळ गप्प बसून, "त्यानं खोटं नाही सांगितलं. गोठा ओस हाय तर ओस म्हणला." त्या संध्याकाळी तो जेवला. माळकरी होता, शेवटपर्यंत माळकरीच राहिला, पण पुढच्या आठवडाभर सिस्टरबाई दिसल्या की विचारायचा, "ती यादी आणलीय का?"

जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे. हरित वसईसाठी उभे राहिलेले, ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षं चालवलेले, ‘सुबोध बायबल’ लिहिलेले. एक ख्रिस्ती धर्मगुरू संमेलनाचा अध्यक्ष, हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि त्यांच्या निवडीला विरोधही झाला होता. मी तेव्हा शहरात मास्तर. सिस्टरबाईंना आणि मायला उद्‌घाटनाला घेऊन गेलो. सिस्टरबाईंचे गुडघे गेलेले, ऐकायला कमी यायला लागलेलं. फादर पाठीच्या दुखण्यानं बेजार होते, चाकाच्या खुर्चीतून आले होते. भाषणातलं सिस्टरबाईंना फारसं ऐकू गेलं नसावं. त्या नुसत्या त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"दुखतंय त्यांना खूप," त्या म्हणाल्या. नर्स होत्या, त्यांना दिसलं. "तरी आलेत."

संमेलनाच्या नगरीला संत गोरोबाकाकांचं नाव दिलेलं होतं. बाहेर पडता पडता मायनं त्यांना तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट मोठ्या आवाजात सांगितली. सगळे संत जमलेत, आणि कुंभार थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून बघतोय, कुठलं मडकं पक्कं, कुठलं कच्चं. आणि नामदेवांना राग येतो.

"पौलानं पण मडक्याचंच लिहिलंय," सिस्टरबाई म्हणाल्या. "ठेवा मोठा, पण भांडं मातीचं."

"मातीचं हाय म्हणून तर वाजतं," माय म्हणाली.

संक्रांत पाच दिवसांवर होती. रस्त्याच्या कडेला कुंभारणी सुगडं मांडून बसल्या होत्या. सिस्टरबाई काठी टेकत खाली बसल्या, मायसाठी पाच सुगडं निवडायला. एकेक उचलून तळहातावर धरायच्या, बोटाच्या पेरानं टिचकी मारायच्या. ऐकू तर येत नव्हतं. तळहाताला कळत असावं. एक सुगड त्यांनी दोनदा वाजवलं आणि बाजूला ठेवलं. पोटाला केसाएवढी चीर होती.

मायनं ते उचललं. "हे बी घेते. बोरं भरायला चालतंय."

परतीच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या. सुगडं कडब्यात गुंडाळून सिस्टरबाईंच्या मांडीवर. खड्डा आला की त्या दोन्ही हातांनी ती वर उचलून धरायच्या. तुळजापूर मागं पडलं, अंधार झाला, गाडीतले दिवे बंद झाले. मी पुढच्या बाकावर होतो. मागून गुणगुणणं ऐकू आलं. शेडमधली, त्या नाताळच्या रात्रीची चाल होती ती. मी वळून पाहिलं. सिस्टरबाईंचा डोळा लागला होता. सुगडं आता मायच्या मांडीवर होती, आणि गात होती ती माय.