आपोआप वाजणारी साथ: वाद्य की वाद्याचा भास?

खांद्याला वीणा, हातात टाळ आणि गळ्यात पखवाज, एवढ्या सामग्रीवर वारकऱ्याचे भजन पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. पुढे त्यात पेटी आली आणि रुळली. आता गावोगावच्या भजनी मंडळांत आणखी एक पाहुणा आला आहे. शहरातले लोक त्याला कीबोर्ड म्हणतात; खेड्यात तो कोणत्याही कंपनीचा असो, त्याचे नाव ‘कॅसिओ’च. उजव्या हाताने चाल वाजवावी, डाव्या हाताने दोन-तीन पट्ट्या दाबून धराव्या, की ठेका, खर्ज आणि मागची सारी साथ तो आपली आपण वाजवू लागतो. काहींत तर डाव्या हाताचे एक बोटही पुरते. आरंभाचा तुकडा, मधली उठाण आणि शेवट यांना वेगवेगळी बटने असतात. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या काही यंत्रांत तबल्या-ढोलकीचे ठेकेही भरून ठेवलेले असतात.

यावर भाविकांत दोन तट पडलेले दिसतात. एक म्हणतो, ‘हे वाद्यच नव्हे, हे खेळणे. देवापुढे नको.’ दुसरा म्हणतो, ‘अहो, नाम घ्यायचे आहे ना? मग साथ माणसाची की यंत्राची, याला काय महत्त्व?’ दोघांच्याही मनात भक्तीच आहे. म्हणून कोणालाही न हिणवता या प्रश्नाचा शांतपणे विचार केला पाहिजे.

प्रथम कच्चे आक्षेप बाजूला काढू. पहिला आक्षेप असा की, हे परदेशी आहे. तर मग पेटी कुठली? हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून, एका हाताने भाता मारीत वाजवता येईल असे रूप दिले. तिच्यातून मींड निघत नाही, तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, असे म्हणून आकाशवाणीने 1940 साली तिच्यावर बंदी घातली. ती 1971 पर्यंत काही सैल झाली नाही. आक्षेप खोटा होता असे नाही. पेटीला मींड घेता येत नाही हे आजही खरेच आहे. पण त्या तीस वर्षांत पेटी देवळातून उठली का? नाही. तेव्हा परकेपणा ही काही कसोटी नव्हे.

दुसरा आक्षेप विजेचा. ज्या कीर्तनात ध्वनिक्षेपक लावल्याशिवाय मागच्या माणसाला शब्द ऐकू जात नाही, त्या कीर्तनात बसून विजेला नावे ठेवणे शोभत नाही. तो आक्षेप तिथेच संपला.

तिसरा आक्षेप वजनदार वाटतो: याला विद्या लागत नाही, बटन दाबले की झाले. पण माउली, आपल्याच टाळाकडे बघा. पाच वर्षांचे पोर आजोबांच्या मांडीवर बसून टाळ धरते. त्याला कोणी तालीम दिलेली नसते. आणि वीणा? अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही; पहारा बदलला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची, एवढाच नेम. पहाटेच्या पहाऱ्याला उभा राहिलेला शेतकरी काही बीनकार नसतो. तो तार छेडतो, नाम घेतो आणि उभा राहतो. म्हणून त्याची वीणा खोटी ठरते काय? विद्या हे वाद्याचे भूषण आहे, पण संप्रदायाने वाद्याचे मोल केवळ विद्येवर कधी ठरविले नाही.

मग कसोटी कोणती? ती शब्दातच आहे. ‘वद्’ म्हणजे बोलणे. जे बोलवायचे असते ते ‘वाद्य’. म्हणजे वाद्याला बोलविणारा हवा. पखवाज एकटा कोपऱ्यात असला तर ते लाकूड आणि कातडे. धुमेला कणिक लावावी, हातोडीने गट्टे ठोकून सूर मिळवावा, तळहात टाकावा, तेव्हा तो बोलतो. आणि जे बोलतो ते हाताचे बोलणे असते.

हे नुसते शब्दाचे खेळ नव्हेत, याची साक्ष वारीतच आहे. ज्ञानोबारायांच्या पालखीच्या मुक्कामावर समाजआरतीसाठी सर्व दिंड्या जमतात. टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंचावतो आणि एका क्षणात सारे शांत होते. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असली तर ती दिंडी टाळ थांबवीत नाही, वाजवीतच राहते. मग तिच्याकडे जाऊन गाऱ्हाणे ऐकून घेतले जाते. म्हणजे तिथे टाळ हा त्या वारकऱ्याचा शब्द आहे. तो चालू ठेवण्यालाही अर्थ आणि बंद करण्यालाही अर्थ, कारण दोन्ही गोष्टी माणूस करतो. त्या जागी आपोआप वाजणारे यंत्र ठेवून पाहा. ते थांबले नाही तर लोक म्हणतील, ‘बटन बिघडले वाटते!’ गाऱ्हाणे आहे असे कोणाच्याही मनात यायचे नाही.

या कसोटीवर कीबोर्ड घासून पाहिला तर उत्तर दुहेरी येते, आणि ते तसेच दिले पाहिजे. त्याच्या पट्ट्यांवर बोटे ठेवून कोणी अभंगाची चाल वाजवीत असेल, तर तो वाद्यच वाजवीत आहे. पेटीवाल्याला जो मान आपण देतो तो त्यालाही द्यावा. पण ज्या क्षणी ठेक्याचे बटन दाबले जाते, त्या क्षणी यंत्राच्या त्या भागापुरता वादक उठून गेलेला असतो. पेटीचा भाता थांबला की पेटी गप्प होते; इथे हात आखडला तरी ठेका चालूच राहतो. चाल वाजते ते वाद्य, ठेका वाजतो तो वाद्याचा भास.

यावर कोणी विचारील, मग विजेच्या तंबोऱ्याचे काय? तोही आपोआपच वाजतो आणि पुष्कळ मोठे गायक तो वापरतात. शंका रास्त आहे. पण तंबोऱ्याचे काम स्थिर राहण्याचे. गायकाने त्याच्याकडे पाहायचे, त्याने गायकाकडे नाही. ठेक्याचे तसे नाही. साथ करणे म्हणजे ऐकणे. कीर्तनकार निरूपणाला वळला की मृदंगाचार्याचा हात आपोआप उतरतो. चरण पुन्हा हाती घेतला की थाप पडते. विठ्ठलनामाचा गजर चढू लागला की पखवाज त्याच्याबरोबर चढतो, टाळकऱ्यांची पावले चढतात. कीर्तनकाराचा कंठ दाटून आला तर जाणता वादक दोन मात्रा सांभाळून घेतो. यंत्राची लयही वाढवता येते, नाही असे नाही. पण त्यासाठी कोणीतरी हात काढून बटन दाबायचे, आणि दाबेपर्यंत साऱ्या मंडळाने यंत्राच्या मागून धावायचे. दिवे घाट चढताना दिंडीचे भजन पायांच्या लयीवर चालते. म्हातारा वारकरी दमला तर भजन संथ होते. यंत्राला दम लागत नाही, म्हणून त्याला दुसऱ्याचा दम कळत नाही. जो ऐकत नाही तो कितीही बिनचूक वाजला तरी सोबती कसा होणार?

हा अनुभव आपल्या एकट्याचा नाही. इंग्लंडमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ज्या लहान गावांच्या चर्चला वादक मिळत नसे, तिथे काही ठिकाणी नळकांड्याचे ऑर्गन बसविले जात. नळकांड्यावर खिळे ठोकून भजनांच्या चाली बसविलेल्या असत. कोणीही दांडा फिरवावा, चाल वाजे. अडचण भागली, यात शंका नाही. पण नळकांड्यावर ज्या मोजक्या चाली असतील तेवढ्याच गावाने गायच्या! सोयीने आत घेतलेले यंत्र असे हळूहळू यजमान होऊन बसते.

आता खरी अडचण. अनेक गावांतली पोरे पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेली. एकादशीला देवळात चार म्हातारी माणसे जमतात. कुठे महिला मंडळ हौसेने भजन करू पाहते, पण पखवाजाला हात नाही. त्यांना आम्ही ‘यंत्र निषिद्ध’ म्हणून घरी बसवावे काय? मुळीच नाही. नाम बंद पडण्यापेक्षा यंत्राच्या ठेक्यावर घेतलेले नाम लाखपटीने बरे. ती माणसे गातात, ते गाणे खरेच आहे. तसेच, घरी एकट्याने चालीचा सराव करणाऱ्याने ठेक्याचे यंत्र लावले तर त्यात दोष नाही. काठी घेऊन चालणे हेही चालणेच.

पण काठी कोणी घ्यावी? ज्याचे पाय थकले त्याने. पाय असणाऱ्याला काठी दिली तर पाय जातात. भीती आवाजाची नाही, रिकाम्या होणाऱ्या जागेची आहे. मंडळात पखवाजाची एक जागा असते. तिथे आज वाकडातिकडा हात टाकणारा पोरगा उद्याचा मृदंगमणी असतो. तो चुकतो, लोक हसतात, जुना वादक कानात बोल सांगतो, आणि असा तो तयार होतो. त्या जागेवर बिनचूक यंत्र बसले की पोराने चुकायचे कुठे? यंत्र त्याची चूक झाकते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते त्याची सेवा हिरावून घेते. आणि सेवा हिरावलेला पोरगा देवळाच्या पायरीवर मोबाइल घेऊन बसला, तर दोष एकट्या त्याचा नव्हे.

याचे टोक पुष्कळ देवळांत दिसतेच. आरतीच्या वेळी भिंतीवरचे बटन दाबले की विजेवरचा नगारा आणि घंटा धडाधडा वाजू लागतात. आवाज दहा माणसांचा, आणि देवापुढे उभा एकटा पुजारी! पूर्वी त्या घंटेच्या दोरीसाठी मुलांची भांडणे होत. ती भांडणे मिटली खरी, पण मुलेही गेली.

तेव्हा तात्पर्य एवढेच. हाताने वाजवाल तो कीबोर्ड वाद्य आहे, त्याला खुशाल मान द्या. त्यातली आपोआप साथ ही अडल्या वेळची काठी आहे. हात नसेल तिथे घ्या, पण हात असेल तिथे बाजूला ठेवा. आणि शिकणारा एखादा तरी हात समोर असेल, तर तो कितीही कच्चा असो, बटन बंद करून पखवाज त्याच्यापुढे सरकवा. त्या दिवशी भजन थोडे बेताल होईल. होऊ द्या. देवळातले एक माणूस वाढले, हा लाभ त्या बेतालाहून मोठा आहे.

रामकृष्णहरि.